खरखर कोठून येते?

आवाज कधीही आपोआप होत नाही. कोठेतरी एखादी वस्तू थरथरते, तिच्या थरथरण्याने भोवतालची हवा हलते आणि हवेतील ती लाट कानापर्यंत पोहोचली म्हणजे आपणांस आवाज ऐकू येतो. म्हणून प्रत्येक आवाजाला काही कारण असते आणि काही ठिकाण असते. कान देऊन ऐकणाऱ्याला आवाजावरून त्याच्या उगमाचा पत्ता लागतो.

पालघर जिल्ह्यातील कासा या गावच्या मुलामुलींना हे निराळे सांगावयास नको. डहाणूहून जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव वसले आहे. पावसाळ्यात सूर्या नदीचे पाणी वाढले, की तिचा घोष दूरवर ऐकू येतो. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरली, की माणसांचा आणि वाहनांचा गजबजाट कानी पडतो. भात पिकून कापणीचे दिवस आले, म्हणजे एखाद्या वारली पाड्यावरून तारप्याचा सूर वाऱ्यावर तरंगत येतो. हे सारे आवाज डोळे मिटूनही ओळखता येतात. आणि ज्याची ओळख आहे त्याचे भय वाटत नाही.

अनोळखी आवाज ऐकू आला, की मात्र मन गोंधळून जाते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी या तालुक्यांना लहानमोठ्या भूकंपांचे धक्के बसू लागले. धक्क्याबरोबर जमिनीच्या पोटातून मोठा आवाज येई. घरांच्या भिंतींना तडे गेले. पुष्कळ कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या भागात ठिकठिकाणी भूकंपमापक यंत्रे बसविली. एकाच यंत्रावरून धक्का कोठून निघाला हे नेमके सांगता येत नाही. परंतु तोच धक्का निरनिराळ्या ठिकाणी किती वाजून किती सेकंदांनी पोहोचला, हे ताडून पाहिले म्हणजे त्याचा उगम सापडतो. भूकंप थांबविणे माणसाच्या हाती नसते. तथापि आवाज कोठून येतो हे कळले, की भयाची जागा विचार घेतो.

जी रीत एवढ्या मोठ्या गडगडाटाला लागू पडते, तीच रीत घरातील एका लहानशा यंत्राच्या कुरकुरीलाही लागू पडते. हे यंत्र म्हणजे संगणकाचा स्पीकर होय. कधी तो घूंऽऽ असा घुमतो, कधी खरखरतो, कधी टर्र टर्र करतो, तर कधी अगदी मुका होऊन बसतो. अशा वेळी बहुतेक लोक दोनच उपाय करतात. एक तर स्पीकरवर थापट्या मारतात, नाही तर ‘तो बिघडला, आता नवा आणला पाहिजे,’ असे म्हणून मोकळे होतात. पहिल्या उपायाने चांगली वस्तू बिघडते आणि दुसऱ्याने कष्टाचा पैसा वाया जातो. वास्तविक दोष पुष्कळदा स्पीकरमध्ये नसतोच.

एक उदाहरण घेऊ. समजा, कासा येथील एका मुलीने आपल्या आजोबांचे तारपावादन संगणकावर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे. आजोबा आता थकले आहेत; त्यांना पूर्वीसारखा दम लागत नाही. काही दिवसांनी ती मुलगी ते वादन लावून पाहते, तो तारप्याच्या सुराखाली एक अखंड घूंऽऽ असा आवाज तिला ऐकू येतो. आता प्रश्न केवळ स्पीकरचा राहत नाही. तो आवाज ध्वनिमुद्रणातच शिरला असेल, तर तो पुरता काढून टाकणे कठीण; मग आजोबांना पुन्हा वाजविण्याची विनंती केली पाहिजे, आणि तीही लवकर केली पाहिजे. परंतु तो आवाज स्पीकरने किंवा तारेने घातलेला असेल, तर मूळ वादन सुखरूप आहे आणि चिंतेचे कारण नाही. तेव्हा आवाज कोठे मिसळला, हे शोधल्यावाचून पुढे पाऊल टाकता येत नाही.

हे शोधण्यासाठी ध्वनीची वाट ठाऊक असली पाहिजे. तारप्यातील वाट सोपी आहे. वादक वाळलेल्या भोपळ्यात फुंकर घालतो. त्या हवेने बांबूच्या नळ्यांतील पातळ पात्या थरथरतात आणि तो सूर ताडाच्या पानांच्या कर्ण्यातून बाहेर पडतो. हे भाग मेणाने सांधलेले असतात. सांधा उकलला, तर हवा वाटेतच गळेल आणि सूर फुसका निघेल. म्हणजे सूर बिघडला तर फुंकर, पात्या, सांधे आणि कर्णा असे क्रमाने पाहत जावे लागेल.

संगणकातील वाट याहून लांब आहे. संगणकात सूर साठविलेला असतो तो अंकांच्या रूपाने. ध्वनिमुद्रण करताना आवाजाच्या लाटेची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजली जाते. सीडीवरील संगीतासाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते. वादन पुन्हा ऐकावयाचे असले, की संगणकातील एक लहानसा भाग या अंकांचे विजेच्या लाटेत रूपांतर करतो. ती वीज अत्यंत दुर्बळ असते. ती तारेतून स्पीकरच्या पेटीत जाते. तेथे अँप्लिफायर तिला सबळ करतो आणि मग ती तांब्याच्या बारीक तारेच्या एका वेटोळ्यातून वाहू लागते. हे वेटोळे लोहचुंबकाजवळ बसविलेले असते. विजेचा प्रवाह जसा कमीजास्त होईल, तसे ते पुढेमागे हलते. त्याला जोडलेला कागदी शंकू हलतो, आणि शंकूसमोरची हवा हलते. १९२५ साली अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी या रचनेला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने आजच्या बहुतेक स्पीकरांत आढळते.

अंक, रूपांतर करणारा भाग, तार, अँप्लिफायर, वेटोळे आणि शंकू अशी ही मुक्कामांची रांग आहे. टपालाची पिशवी वाटेत हरवली, तर शहाणा टपाल अधिकारी साऱ्या मुलखात शोध करीत बसत नाही. तो मधल्या एका मुक्कामी चौकशी करतो. पिशवी तेथपर्यंत आली असेल, तर पुढची वाट तपासावयाची. आली नसेल, तर मागची. एका प्रश्नाने निम्मी वाट शोधातून सुटते. आवाजाचा दोष शोधतानाही असेच करावे. दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम ऐकावा. तार बदलली, प्लग हलविला आणि संगणकही बंद करून पुन्हा सुरू केला, हे सारे एकदम केले, तर आवाज थांबेलही; परंतु तो कशाने थांबला हे कळणार नाही, आणि उद्या पुन्हा सुरू झाला तर सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागेल.

आता त्या मुलीने काय करावे? प्रथम तिने स्पीकरची पिन काढून त्याच भोकात हेडफोनची पिन घालावी आणि वादन ऐकावे. हेडफोनमधून तारपा स्वच्छ ऐकू आला, तर फार मोठे काम झाले. अंक शुद्ध आहेत, त्यांचे रूपांतरही ठीक होत आहे. आजोबांचे वादन सुखरूप आहे. दोष त्यापुढच्या वाटेवर आहे. मग तिने स्पीकरची पिन संगणकाऐवजी, चार्जर न लावलेल्या मोबाइलमध्ये घालून पाहावी. तरीही स्पीकर घुमतच राहिला, तर दोष तारेत किंवा खुद्द स्पीकरमध्ये आहे. परंतु घुमणे थांबले, तर नवल वाटण्यासारखी गोष्ट दिसून येते. संगणक एकटा निर्दोष आहे आणि स्पीकरही एकटा निर्दोष आहे. दोघे जोडले म्हणजेच आवाज उमटतो!

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घरात येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. भारतात ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. याच हेलकाव्याचा स्पर्श स्पीकरला झाला, की तो खर्जात घूंऽऽ असा घुमू लागतो. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन यंत्राला जमिनीशी जोडते. यालाच अर्थिंग म्हणतात. संगणकाचा प्लग एका भिंतीवरील बोर्डात आणि स्पीकरचा प्लग दुसऱ्या भिंतीवरील बोर्डात असला, तर दोन्ही यंत्रे दोन निराळ्या वाटांनी जमिनीशी जोडली जातात. त्या दोन वाटांच्या विजेच्या दाबात थोडा फरक असू शकतो. त्यांच्यामधून आवाजाची तार गेली, की दोन तळ्यांमध्ये पाट खणावा तसे होते; एकीकडची वीज त्या तारेतून दुसरीकडे झिरपू लागते आणि सुरात मिसळते. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावावेत आणि आवाजाची तार विजेच्या तारांपासून दूर ठेवावी. पुष्कळदा एवढ्यानेच घुमणे थांबते, आणि नव्या स्पीकरचे पैसे वाचतात.

येथे एक इशारा दिला पाहिजे. जाड पिन काढून टाकली, तर हा आवाज बंद होतो, असे कोणी सांगतात. ते करून पाहणे प्राणाशी खेळण्यासारखे आहे. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ती जमिनीत नेऊन माणसाचा जीव वाचविणारी पिन तीच असते. त्याचप्रमाणे स्पीकरची पेटी उघडणे, ओल्या हाताने प्लग काढणे किंवा घरातील अर्थिंगची तार हलविणे ही मुलांची कामे नव्हेत. त्यासाठी जाणत्या वायरमनलाच बोलवावे.

आवाजाचे इतर प्रकारही आपापला पत्ता आपणच सांगतात. तारेला हात लावताच कडकड असा आवाज होत असेल, तर पिन सैल आहे किंवा तार आतून तुटली आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत पिनेवर गंज आणि मळ चढतो. तेव्हा स्पीकर बंद करून पिन कोरड्या मऊ कापडाने पुसावी. आवाज लहानमोठा करण्याचे बटण फिरविताना खरखर होत असेल, तर त्या बटणाच्या आत धूळ साचली आहे असे समजावे. आवाज मोठा केला तरच सूर फाटत असेल, तर तो यंत्राच्या शक्तीबाहेर चढविला आहे. त्याने स्पीकरचे आणि कानाचे दोघांचेही नुकसान होते. परंतु हळू आवाजातही सूर चरचरत असेल, तर कागदी शंकू फाटला आहे का, किंवा टेबलावरची एखादी डबी थरथरते आहे का, ते पाहावे.

फोन येण्यापूर्वी क्षणभर स्पीकर टर्र टर्र करतो, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. दुसऱ्या पिढीचे मोबाइल अखंड न बोलता तुटक तुटक स्पंदने पाठवितात आणि ही स्पंदने सेकंदाला सुमारे २१७ असतात. स्पीकरची तार ती पकडते आणि अँप्लिफायर ती मोठ्याने ऐकवितो. फोन हातभर दूर ठेवला, की ही कटकट मिटते. आवाज मध्येच तुटत असेल, तर दोष अंकांच्या बाजूचा असण्याचा संभव अधिक. एकाच वेळी अनेक कामे अंगावर घेतलेल्या संगणकाला अंक वेळेवर पुरविता येत नाहीत; तेव्हा नको असलेली कामे बंद करावीत. आवाज मुळीच येत नसेल, तर घाबरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: आवाज बंद ठेवण्याची खूण पडद्यावर दिसते का, पिन योग्य भोकात आहे का, आणि संगणक आवाज दुसऱ्याच एखाद्या यंत्राकडे तर पाठवीत नाही ना.

सभेत कधी कधी कर्णकर्कश शीळ घुमते, ती घरातही ऐकू येते. मायक्रोफोन स्पीकरच्या समोर आला, की स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून निघतो आणि पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. हे चक्र क्षणात वाढत जाते. दोघांना एकमेकांपासून दूर केले किंवा आवाज कमी केला, की ते तुटते.

सर्व दोष दूर केल्यावरही, वादन थांबलेले असताना स्पीकरला कान लावला, तर एक मंद सूंऽऽ ऐकू येते. हा मात्र बिघाड नव्हे. प्रत्येक तारेतील सूक्ष्म विद्युत्कण उष्णतेमुळे सदैव अस्ताव्यस्त धावत असतात. त्यांच्या धावपळीचाही त्यात वाटा असतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी या कुजबुजीचा अभ्यास करून १९२८ साली तो प्रसिद्ध केला. ती कमी करता येते, पण पूर्णपणे नाहीशी करता येत नाही. संगणकातील आवाज पुरेसा मोठा आणि स्पीकरचे बटण बेताचे ठेवले, तर सूर वर राहतो आणि कुजबुज खाली दबते.

हीच कुजबुज पुढे एका फार मोठ्या शोधाला कारण झाली. १९६४ साली आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेतील होमडेल येथे एका प्रचंड कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाने आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचा अभ्यास करीत होते. यंत्राची स्वतःची कुजबुज त्यांनी मोजली होती; परंतु हिशेबापेक्षा थोडी अधिक कुजबुज त्यांना सतत आढळे. त्यांनी एकेक कारण तपासण्यास प्रारंभ केला. न्यूयॉर्क शहराकडे कर्णा वळवून पाहिला. तो आवाज शहराचा नव्हता. अँटेनाचे सांधे पट्ट्यांनी झाकले. कर्ण्यात कबुतरांनी घरटे केले होते. कबुतरे पकडून दूर सोडली आणि त्यांची घाण खरवडून काढली. तरीही ती कुजबुज दिवसा आणि रात्री, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, आकाशाच्या सर्व दिशांनी सारखीच येत राहिली.

ज्या ज्या कारणाची शंका होती, ते ते दूर झाले होते. तेव्हा उरलेला आवाज यंत्राचा नव्हे, आकाशाचाच असला पाहिजे, हे उघड झाले. विश्वाच्या बाल्यावस्थेत जी प्रचंड उष्णता होती, तिचा उरलासुरला अंश अवकाशात सर्वत्र भरून राहिला आहे. त्याचीच ती कुजबुज होती. १९६५ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९७८ साली त्या दोघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कुजबुजीला ‘यंत्राची खोड’ म्हणून त्यांनी दुर्लक्षिले असते, तर विश्वाच्या जन्माची ही खूण त्यांच्या हातातून निसटली असती.

घरातील प्रत्येक खरखरीमागे विश्वाचे रहस्य दडलेले नसते. बहुधा तेथे एक सैल पिन असते. पण सैल पिन शोधणारा आणि विश्वाची कुजबुज शोधणारा हे दोघे एकाच वाटेचे प्रवासी होत. दोघेही प्रथम लक्षपूर्वक ऐकतात, मग ध्वनीची वाट मनात आखतात, एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि कारण हाती लागेपर्यंत कोणावरही दोष ठेवीत नाहीत. ही सवय जिला लागली, ती मुलगी आजोबांचा तारपाही जतन करील आणि पुढे पृथ्वीच्या पोटातील गडगडाटाचा पत्ताही लावू शकेल.

स्वाध्याय

१. अनोळखी आवाजाचे भय कशाने कमी होते? पाठातील उदाहरण देऊन सांगा.
२. हेडफोन लावून ऐकल्याने त्या मुलीला कोणती महत्त्वाची गोष्ट कळू शकते?
३. एका वेळी एकच बदल का करावा?
४. प्लगमधील जाड पिन काढून टाकणे धोक्याचे का आहे?
५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एखाद्या वाद्याची अथवा यंत्राची ‘ध्वनीची वाट’ आपल्या शब्दांत लिहा.